वाचकांचे प्रश्न : आयरिश व्हिसल आणि बौरान

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतातली दोन वाद्यं, सहा भोकांची टिन व्हिसल आणि बकऱ्याच्या कातड्याचं, डफासारखं बौरान, नव्यानं हाती घेणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अडचणीबद्दलची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी काही वर्षं बासरी शिकते आहे. आता आयरिश व्हिसल घ्यायची आहे. कोणत्या पट्टीची घेऊ? बासरीची बोटं इथे चालतील का?

डी पट्टीची घ्या. दुकानात सी, जी, बी फ्लॅट अशा बऱ्याच पट्ट्या दिसतील, पण आयरिश धुनांचा फार मोठा साठा डी आणि जी या दोन पट्ट्यांत आहे. फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी, इलियन पाइप्स (कोपरानं भाता दाबून वाजवायचा आयरिश बॅगपाइप) सगळे तिथेच वाजवतात. डी व्हिसल सुमारे 30 सेंटिमीटर लांब असते आणि तिचा सगळ्यात खालचा स्वर साधारण 587 हर्ट्झचा असतो, म्हणजे बराच उंच. खोल आवाजाची लो व्हिसल मोहात पाडते, पण ती जवळजवळ दुप्पट लांब असते, भोकं मोठी आणि लांब लांब. पहिलं वर्ष तिच्या वाटेला जाऊ नका.

बोटं चालतील, आणि तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त चालतील. सहा भोकांच्या बासरीवर वरची तीन भोकं झाकली की सा, आणि सगळी झाकली की खालचा प. डी व्हिसलवर जी पट्टीची धून वाजवताना अगदी हेच होतं: तीन झाकून जी हा सा, सगळी झाकून डी हा खालचा प. डी पट्टीच्या धुनेत मात्र सा खाली सरकतो. सगळी भोकं झाकली की सा, मग खालून एकेक बोट उचलत रे, ग, म, प, ध, नी. इथे बासरीवाल्यांची बोटं नाही, डोकं अडखळतं. दोन दिवस नुसतं सरगम म्हणत वर-खाली करा, बसेल.

थाटांचीही ओळख पटेल. बऱ्याच धुना बिलावलसारख्या, बऱ्याच खमाजसारख्या (कोमल नी), आणि ई किंवा ए वर थांबणाऱ्या पुष्कळशा काफीसारख्या. फक्त मींड घरी ठेवून या. आयरिश व्हिसलवर एखाद्या स्वरावर खालून हलकं घसरत येणं चालतं, पण दोन स्वरांच्या मधली सगळी वाट ऐकवत गेलात तर धुनेचा नाच थांबतो.

प्रश्न : महागडी व्हिसल घ्यावी की साधी?

साधी. जनरेशन, फॅडोग, वॉल्टन्स, क्लार्क यांच्या साध्या व्हिसल साधारण 10 ते 15 युरोंत मिळतात आणि नावाजलेले वादकही त्या वाजवतात. त्यातली क्लार्क वेगळी. 1843 सालापासून चालत आलेली ही घडण म्हणजे पत्रा गुंडाळून केलेली, टोकाकडे निमुळती होणारी नळी आणि तोंडाशी लाकडाचा ठोकळा. आवाजात वाऱ्याचा अंश असतो, सुरेख वाटतो, पण फुंक जास्त लागते. त्याच कंपनीच्या स्वीटोनचं तोंड प्लास्टिकचं असतं, तिला फुंक कमी लागते आणि नवशिक्याला ती लवकर वश होते.

स्वस्त व्हिसलमध्ये एकाच कंपनीच्या दोन नगांतही फरक पडतो. शक्य असेल तर तीन-चार वाजवून पाहा. सगळ्यात खालचा डी हळू फुंकल्यावर स्थिर राहतो का, आणि वरच्या सप्तकातले ए आणि बी किंचाळल्याशिवाय येतात का, या दोन कसोट्या पुरेत.

प्लास्टिकच्या तोंडाची व्हिसल घरी आणल्यावर खरखरली तर एक जुना उपाय आहे. तोंडाच्या आत, फुंकेच्या वाटेखाली, एक पोकळी असते. तोंड नळीपासून काढा, पोकळीत ब्लू-टॅक भरा आणि काडीनं सपाट करा. फुंकेच्या वाटेत किंवा खिडकीच्या (तोंडाच्या वरच्या बाजूच्या छोट्या चौकोनी छिद्राच्या) धारेवर त्याचा कणही जाऊ देऊ नका. बऱ्याच व्हिसलचा खालचा सूर यानं सावरतो.

प्रश्न : वरची तीन भोकं झाकेपर्यंत सगळं छान. खालचा हात लावला की व्हिसल किंचाळते. फुंक कमी करून पाहिली, फरक नाही.

फुंकेचा दोष असता तर वरच्या तीन स्वरांतही दिसला असता. हवा गळते आहे. बहुतेक वेळा खालच्या हाताच्या अनामिकेखालून, कधी कधी वरच्या हाताच्या अनामिकेखालून. खालचा हात सरसावला की वरचा किंचित फिरतो आणि तिथलं बोट भोकावरून सरकतं, म्हणून गुन्हेगार भलताच सापडतो.

तपासायची रीत अशी. सहाही भोकं झाका, नेहमीपेक्षा थोडं जास्त दाबून पाचपर्यंत मोजा, मग बोटं उचलून गाद्यांवरचे ठसे पाहा. प्रत्येक बोटावर पूर्ण गोल वर्तुळ उमटलेलं हवं. जिथे अर्धचंद्र आहे, तिथे गळती. वर्तुळ बोटाच्या अगदी टोकाशी असेल तर बोट फार वाकलेलं आहे. थोडं सरळ करा आणि टोकाऐवजी गादी भोकावर टेकवा.

दाबून धरणं हे फक्त तपासणीपुरतं. वाजवताना बोट नुसतं विसावलेलं हवं. दाबलं की मनगट आवळतं, मनगट आवळलं की बोटं उशिरा उठतात. व्हिसलचं वजन खालच्या हाताच्या अंगठ्यावर आणि ओठांवर असावं. खालच्या हाताची करंगळी नळीला टेकवलीत तर सगळी बोटं उचलल्यावरही व्हिसल डगमगत नाही. टोक ओठांत सेंटिमीटरभर जाऊ द्या, दातांत धरू नका.

सराव असा करा: जी धरा, एक बोट टेकवून एफ शार्प, पुन्हा जी. दहा वेळा. मग जी आणि ई, मग जी आणि डी. एकेक बोट टेकवत खाली उतरण्यापेक्षा तिन्ही बोटं एकदम टेकायला शिकवणं कठीण, पण धुनांत तेच लागतं.

प्रश्न : वरचं सप्तक कर्कश येतं. घरचे वैतागले आहेत.

वरच्या सप्तकाची बोटं तीच, फक्त फुंकेचा वेग वाढवायचा. बहुतेक जण गाल फुगवून सगळी हवा लोटतात. हवा जास्त नको, वेगानं हवी. गरम चहावर मारतो ती फुंक आणि मेणबत्ती विझवतो ती फुंक, एवढाच फरक. वरच्या डीसाठी सगळ्यात वरचं भोक उघडं ठेवून बाकी पाच झाका. तो डी स्वच्छ येतो आणि कमी फुंकेत येतो.

घाबरून वरच्या स्वरांना कमी फुंकलं तर ते बेसूर, उतरलेले येतात, मग कानाला जास्तच टोचतात. तेव्हा सूर पुरा भरा. आवाजच कमी हवा असेल तर खिडकीचा एक कोपरा चिकटपट्टीनं झाका, साधारण एक चतुर्थांश. सूर थोडा हलेल, पण सरावापुरतं चालतं. लहान खोलीत रोज तासभर वाजवणाऱ्यांनी वरच्या सप्तकासाठी कानात बोळे घालावेत, हे आम्ही मनापासून सांगतो. वरचा आवाज कानाच्या अगदी जवळ असतो.

प्रश्न : धुनेत सी नॅचरल आला की मी अर्धं भोक झाकते, तो दर वेळी वेगळा येतो.

वरचं पहिलं भोक उघडं, दुसरं-तिसरं झाकलेलं, खालची तीन उघडी. बहुतेक डी व्हिसलवर यातून सी नॅचरल सरळ येतो. चढा वाटला तर खालच्या हाताचं एखादं बोट टेकवून पाहा. अर्ध्या भोकाचा सी संथ धुनेत गोड लागतो, वेगात मात्र दगा देतो.

प्रश्न : दहा मिनिटांनी आवाज घोगरा होतो, कधी बंदच पडतो. व्हिसल खराब आहे का?

नाही, पाणी साठलं आहे. गरम श्वास गार फुंकवाटेत शिरतो आणि थेंब धरतात. खिडकीवर बोट ठेवून जोरात एक फुंक मारा, थेंब उडून जातो. वाजवण्याआधी तोंडाचा भाग दोन-तीन मिनिटं मुठीत किंवा बगलेत गरम केला तर त्रास निम्म्यावर येतो. प्लास्टिकच्या तोंडात भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी ओतून तसंच वाळू द्या. मग पाणी थेंबाऐवजी पातळ थरात पसरतं आणि वाट अडत नाही. लाकडी ठोकळ्याच्या व्हिसलला हे करू नका, लाकूड फुगतं.

सूर जुळवण्याचंही इथेच सांगतो. नळीतली हवा 10 अंश सेल्सिअसनं गार असेल तर सूर सुमारे 30 सेंट उतरतो, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गार व्हिसल जुळवायला बसू नका. आधी दोन-तीन मिनिटं वाजवा, मग ए वाजवून ट्यूनरवर पाहा. चढा असेल तर तोंड मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर ओढा. तोंड चिकटवलेलं असेल तर कडक, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात अर्धा मिनिट बुडवून पिळून पाहा, डिंक सुटतो.

प्रश्न : ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारे ते चटकदार खटके मला जमत नाहीत. माझे स्वर सुटे वाजतात आणि धून शाळेच्या प्रार्थनेसारखी वाटते.

या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. धून सपाट वाटते त्याचं कारण खटके नसणं हे क्वचितच असतं. आधी ठेका पाहा. जिगमध्ये (तीन-तीनच्या लयीची नाचाची धून) पायाच्या एका ठेक्यात तीन स्वर असतात आणि ते तिघे सारख्या लांबीचे नसतात: पहिला थोडा रेंगाळतो, दुसरा आखूड, तिसरा पुढच्या ठेक्याला ढकलतो. किती रेंगाळायचं हे लिहून दाखवता येत नाही, म्हणून कागदावरून शिकलेली धून ताठ उभी राहते. क्लेअर परगण्यातल्या डूलिनच्या मिको रसेलचं वादन ऐका. अलंकार कमी, वेग बेताचा, आणि तरी पाय जागेवर राहत नाही.

दुसरं जिभेचं. प्रत्येक स्वराला जिभेनं 'तू' म्हणत असाल तर स्वर सुटेच वाजणार. स्वर जोडून वाजवा, जीभ वाक्याच्या सुरुवातीला आणि मोजक्या ठिकाणी ठेवा. मेरी बर्गिनसारखे काही उत्तम वादक जीभ भरपूर वापरतात, पण कुठे वापरायची ते त्यांनी ठरवलेलं असतं.

आता खटके. मूळ दोनच आहेत. पहिला 'कट': स्वर वाजत असताना वरचं एक बोट झटकन उचलून परत टेकवायचं. डी, ई, एफ शार्पसाठी वरच्या हाताची अनामिका, जी, ए, बीसाठी वरच्या हाताची तर्जनी, अशी विभागणी बरेच वादक करतात. दुसरा 'स्ट्राइक': वाजणाऱ्या स्वराच्या लगेच खालच्या उघड्या भोकावर बोट आपटून उचलायचं, तव्याचा चटका बसल्यासारखं. दोन्हींत मधला सूर ऐकू येता कामा नये, नुसती टिचकी ऐकू यावी. ऐकणाऱ्याला 'जी-ए-जी' असं कळलं तर बोट हळू आहे.

यांचा उपयोग सजावटीआधी व्याकरणाचा आहे. धुनेत एकच स्वर लागोपाठ दोनदा आला तर तो जिभेनं तोडण्याऐवजी दुसऱ्याच्या तोंडाशी कट घाला. तीन आठवडे एवढंच करा. नंतर 'रोल': स्वर, कट, स्वर, स्ट्राइक, स्वर. मोठा रोल जिगच्या एका पूर्ण ठेक्याइतका, तीन स्वरांच्या जागेत बसतो. तो जमत नाही याचं कारण बोटांचा वेग नसतो, वाटणी चुकते. नवशिका कट आणि स्ट्राइक दोन्ही सुरुवातीलाच उरकतो आणि शेवटी लांब स्वर उरतो. त्याऐवजी 'एक' वर नुसता जी, 'दोन' वर कट घातलेला जी, 'तीन' वर स्ट्राइक घातलेला जी, असं मिनिटाला 60 च्या लयीत तीन सारखे जी वाजवा. तेवढाच रोल. पुढे लय वाढवायची.

सगळ्यात खालच्या डीवर रोल होत नाही, कारण आपटायला खाली भोकच उरत नाही. तिथे वेगवेगळ्या बोटांचे लागोपाठ कट घालतात, त्याला 'क्रॅन' म्हणतात. ती पाइप्सवाल्यांची देणगी आहे आणि घाई करण्यासारखी गोष्ट नाही.

प्रश्न : श्वास कुठे घ्यायचा? या धुनांत विश्रांतीच नाही.

विश्रांती तुम्ही करायची. एक स्वर खाऊन टाका. जिगमध्ये ठेक्याच्या तीन स्वरांतला दुसरा किंवा तिसरा, रीलमध्ये (चार-चारच्या लयीची नाचाची धून) ठेक्यातला शेवटचा, किंवा लांब स्वर असेल तर त्याची शेपटी. पायाच्या ठेक्यावरचा स्वर कधी खायचा नाही. दर वेळी ओळ संपली की श्वास, अशी सवय लागली तर धून चौकोनी वाटते. एकदा ओळीच्या मध्ये, एकदा दुसरीकडे, असा श्वास बदलता ठेवा. हवा संपण्याआधीच छोटे घोट घेत राहा.

प्रश्न : 'बोधरान' म्हणायचं की 'बोरान'? आणि हे वाद्य फार प्राचीन आहे असं वाचलं, खरं का?

लिहिताना मधे 'डीएच' असलं तरी त्याचा उच्चार होत नाही. 'बौरान' म्हणा, जोर कुठल्याही टोकाला पडलेला ऐकू येईल. 26 डिसेंबरच्या रेन डेला (रेन हा एक चिमुकला पक्षी) वेष करून दारोदार फिरणाऱ्या मुलांच्या हातात हा डफ पूर्वीपासून होता. मैफलीतलं वाद्य म्हणून त्याला मान मिळाला तो 1960 च्या दशकात, शॉन ओ रियाडा यांनी आपल्या कोल्टोरी कूलन या वाद्यवृंदात त्याला जागा दिली तेव्हापासून. म्हणजे आजचं बौरानवादन हे तसं तरुण आहे, आणि म्हणूनच त्यात एकच एक 'खरी' पद्धत नाही.

प्रश्न : बौरान घेताना काय पाहावं? स्मरणवस्तूंच्या दुकानात नक्षी काढलेलं एक आवडलं आहे.

ते भिंतीसाठी घ्या. नक्षीच्या स्वस्त बौरानाचं कातडं बहुधा जाड आणि ताठ असतं, कड्याला खिळ्यांनी कायमचं ठोकलेलं, आणि हवा बदलली की ते सुधारायला काही उपाय नसतो.

वाजवायला घेताना पहिली अट: ताण कमी-जास्त करायचे स्क्रू आतल्या बाजूला हवेत. दुसरी, व्यास 35 ते 40 सेंटिमीटर. जुनी बौरानं याहून मोठी आणि उथळ असत, आजची लहान आणि 12 ते 18 सेंटिमीटर खोल. खोल कड्याचा खर्ज गोल येतो. तिसरी, मागे आडवी दांडी नसलेलं किंवा एकच दांडी असलेलं घ्या. दोन दांड्यांची फुली असेल तर आतला हात फिरायला जागा राहत नाही, आणि त्या हातावर तर निम्मं वादन आहे.

ठोका मारल्यावर कडेला 'टंग' असा धातूसारखा आवाज घुमत राहिला तर कातड्याच्या काठावर गोल काळी इन्सुलेशन टेप लावा. कित्येक बौरानांना ती कारखान्यातूनच लावलेली असते. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : टिपर धरायची पद्धत कळत नाही. खालचा ठोका जोरात येतो, वरचा ऐकूच येत नाही, आणि पाच मिनिटांत हात भरून येतो.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच. हात कोपरातून चालतो आहे.

बसण्यापासून सुरुवात करा. हाताची खुर्ची नको. उजव्या हाताने वाजवणार असाल तर बौरान डाव्या मांडीवर उभं ठेवा, वरचा काठ डाव्या दंडाखाली आणि छातीशी अडकू द्या, डावा तळवा आतून कातड्याला टेकवा. आता उजवा हात सोडून बौरान पडतं का पाहा. पडत असेल तर उजव्या हातानं नकळत ते सावरलं जाणार आणि हात आवळणार.

टिपर, आयरिशमध्ये किपीन, ही 20 ते 25 सेंटिमीटरची लाकडी काडी. ती लेखणीसारखी अंगठा आणि तर्जनीत धरा, मधल्या बोटाचा आधार द्या. लिहिताना लेखणीचं टोक आपल्यापासून दूर असतं. इथे मनगट आत वळवून टोक स्वतःच्या छातीकडे आणा. इथेच बहुतेकांचं चुकतं. टोक कातड्याकडे सरळ रोखलं की ते भोसकतं, घासून जात नाही, आणि वरचा ठोका निघायला जागाच उरत नाही.

हालचाल ओल्या हाताचं पाणी झटकल्यासारखी. पंजा आणि मनगट किंचित फिरतं, बाहू जवळजवळ स्थिर. टोक खाली जाताना कातड्याला ओझरतं लागतं, वर येताना पुन्हा ओझरतं लागतं. पहिले दोन दिवस टिपर नको: नुसत्या हातानं, तर्जनीच्या नखाकडच्या बाजूनं, खाली-वर, खाली-वर. मग टिपर घ्या आणि एक आठवडा फक्त वरच्या ठोक्यावर जोर द्या. खालचा आपोआप जड असतो, त्याला मदतीची गरज नाही. डोळे मिटून ऐकताना कोणता खालचा, कोणता वरचा हे ओळखता येईना, की जमलं.

हात भरून आला तर थांबा. दुखतं आहे तोवर वाजवून ताकद येत नाही, आवळण्याची सवय येते.

आतल्या हाताचं काम नंतर. तळवा कातड्याला टेकला की आवाज बुजतो, उचलला की घुमतो. तळवा सरकवून कातड्याचा मोकळा भाग जसा लहान करत जाल तसा सूर चढतो. धून वर चढते तेव्हा सूर वर, उतरते तेव्हा खाली, एवढं जरी जमलं तरी ऐकणारे वळून पाहतात.

प्रश्न : जिग आणि रीलचे ठोके सांगा.

जिगमध्ये सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, मोजायला दादऱ्यासारख्या. ठोके: खाली-वर-खाली, वर-खाली-वर. म्हणजे दुसऱ्या भागाची सुरुवात वरच्या ठोक्यानं होते आणि तिथेही तेवढाच जोर हवा. आता कळेल, वरच्या ठोक्यावर एवढा भर का दिला. काही जण दोन्ही भाग खाली-वर-खाली असे वाजवतात. जोर सोपा होतो, पण लागोपाठ दोन खालचे ठोके वेगात अडतात.

रीलमध्ये आठ मात्रा, केरव्यासारख्या, खाली-वर अखंड. सुरुवातीला पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर जोर द्या. हे स्थिर झालं की जोर तिसऱ्या आणि सातव्यावर नेऊन पाहा. धून जमिनीवरून उचलल्यासारखी होते. स्लिप जिगमध्ये नऊ मात्रा, तीनचे तीन भाग. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या श्लीव लूक्रा भागाच्या पोल्का जलद दोनच्या, त्यात दोन ठेक्यांच्या मधल्या जागेवर चटका द्यायचा.

वेगाचा हिशेब करा. रंगलेल्या सेशनमध्ये (वादकांनी जमून वाजवायच्या बैठकीत) रीलचा पाय मिनिटाला 110 च्या आसपास पडतो. दर ठेक्याला चार ठोके म्हणजे मिनिटाला 440. सगळे ठोके मारायचा हट्ट धरला तर नवशिका दुसऱ्या फेरीत मागे पडतो आणि सगळ्यांना मागे ओढतो. मेट्रोनोम 60 वर लावून सुरुवात करा. 60 वर पाच मिनिटं न हलता टिकलात की 65. आणि सेशनमध्ये अर्धे ठोके गाळा. ठेक्यावरचा एक ठोका योग्य जागी पडला तर तो पुरतो.

प्रश्न : संध्याकाळी छान बोलणारं बौरान सकाळी चपातीसारखं ढिलं होतं. कधी उलट, टणटणीत.

कातडं हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. दमट हवेत ढिलं, कोरड्या किंवा तापवलेल्या खोलीत ताठ. ताठ झालं तर आतल्या बाजूनं पाण्याचे दोन-तीन बारीक फवारे मारा, तळव्यानं पसरा, दहा मिनिटं थांबा. लगेच वाजवून 'अजून ताठ आहे' म्हणत आणखी पाणी मारू नका. कातड्याला उशिरा कळतं आणि मग ते एकदम बसतं. ढिलं झालं तर स्क्रू, समोरासमोरच्या जोड्यांनी, एका वेळी पाव फेरा. एकाच बाजूनं आवळत गेलात तर कातडं तिरकं ओढलं जातं. स्क्रू नसलेल्या बौरानाला हेअर ड्रायरची ऊब 30-40 सेंटिमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून.

प्रवासाला निघताना स्क्रू ढिले करा. उन्हात उभ्या गाडीत ताणलेलं कातडं फाटतं, आणि ते रात्रीतून शिवता येत नाही.

प्रश्न : आयर्लंडला जाणार आहे. पबमधल्या सेशनमध्ये बौरान घेऊन बसू का?

आधी एक संध्याकाळ नुसती ऐका. मग, कुणी बौरान वाजवत नसेल तर सुरुवात करून देणाऱ्या वादकाला विचारा. एक बौरान आधीच असेल तर तुमचं पिशवीतच राहू द्या. दोन बौरानांचे जोर एकमेकांना कापतात आणि मधल्या फिडलला पाय ठेवायला जागा राहत नाही. पाळीपाळीनं वाजवता येतं. गाण्याला आणि संथ धुनेला मात्र कुणी सांगितल्याशिवाय हात लावू नका.

धुनेची रचना माहीत असू द्या. माप म्हणजे एक आवर्तन, जिगच्या सहा किंवा रीलच्या आठ मात्रांचं. पहिला भाग आठ मापांचा, दोनदा. दुसरा आठ मापांचा, दोनदा. मिळून 32 मापं. अशी धून बहुधा तीनदा वाजते आणि न थांबता दुसरीत शिरते. ते वळण ओळखणं हे बौरानवाल्याचं खरं काम. धून पाठ नसेल तर वळण सापडत नाही, म्हणून बौरान शिकणाऱ्यानंही एक साधी व्हिसल जवळ ठेवावी असं आमचं ठाम मत आहे.

शिकायलाच जायचं असेल तर जुलैत क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे गावी विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं, 1973 पासून. तिथे व्हिसलचे वर्ग असतात. 1951 साली स्थापन झालेल्या कोल्टस या संस्थेच्या शाखाही ठिकठिकाणी वर्ग घेतात.

प्रश्न : नोटेशन वाचता येत नाही. पहिली धून कशी बसवू?

वाचता येत नाही हे इथे अडत नाही, या परंपरेत धून कानानंच जाते. जी पट्टीतली केश जिग घ्या. तीन झाकलेल्या भोकांचा सा तिथेच आहे. एकच ध्वनिमुद्रण निवडा आणि दोन दिवस, वीसेक वेळा, वाद्य हातात न घेता ऐका. गुणगुणता आली की वेग 60 टक्क्यांवर आणून दोन-दोन मापांचे तुकडे करा. पहिला तुकडा बोटांत बसला की लगेच दुसरा नको. धुनेत तोच तुकडा पुढे परत येतो का पाहा. पहिल्या भागाची सुरुवात बहुधा मध्यावर पुन्हा येते, म्हणजे आठ मापं म्हणून जे भीतीदायक वाटतं त्यात नवं जेमतेम पाच-सहा मापांचं असतं. पाय पहिल्या दिवसापासून आपटा. पाय अडखळला की तेवढाच तुकडा, तेवढ्याच संथ लयीत, पुन्हा.